डाव्या बाहीवरचा बॅज

आधी अक्कांचं सांगते, मग माझं. राजाजीनगरात शाळांचे गणवेश शिवायचं त्यांचं दुकान आहे. मी तिथं आठ वर्षं काम करतेय. बंगळूरला आले तेव्हा कन्नड येत नव्हतं, हिंदी मोडकी, आणि नवरा सोडला तर ओळखीचं कुत्रं नव्हतं. अक्कांनी मला काम दिलं, राहायला खोली बघून दिली, गिऱ्हाइकाशी बोलता यावं म्हणून कन्नड आकडे पाठ करून घेतले. मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या घरून मऊ भाताचा डबा यायचा. बरी होऊन कामावर गेले तर म्हणाल्या, "आलीस? सरी, बरं झालं. ती काजं तुझी वाट बघायलीत." बास, एवढंच. हे सगळं आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की बाई बेइमान. वाटू दे. पण अक्का कशा आहेत ते आधी कळायला हवं.

अक्कांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण ती ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि लगेच डोळ्यांत पाणी. "स्वल्प सरकून बस ग," असं त्या म्हणायच्या आणि मला कळायचं नाही, की स्वल्प म्हणजे मी किती सरकायचं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आली. अक्का मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यांची शाळा कन्नडची, तीही चौथीपर्यंत. देवनागरी अक्षर त्यांच्यासाठी नुसती नक्षी.

माझं सगळं चुकलं ते इथंच.

त्या दिवशी अक्कांना काउंटरवर बसायला बाई हवी होती. मापं लिहून घ्यायची, शाळांच्या ऑर्डरी सांभाळायच्या. त्यांनी विचारलं, "दहावी झालीय न?"

दहावी झाली नव्हती. नववी संपली आणि आईची पाठ गेली. धाकटी भावंडं, म्हशी, घर असं सगळं माझ्यावर आलं. आमच्या सांगलीकडच्या गावात त्यात नवल काही नव्हतं. माझ्या पिशवीत दोनच कागद होते. एक शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर 'इयत्ता नववी' असं स्वच्छ लिहिलेलं. दुसरं शाळेतल्या स्काउट-गाईडमधल्या राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र, जाड कागद, वर राजमुद्रा, खाली राज्यपालांची सही. मी दाखला खाली ठेवला आणि प्रमाणपत्र वर. मुद्दाम ठेवलं का? हो. आता तरी खरं लिहावं.

अक्कांनी राजमुद्रेवर बोट फिरवलं, कागद कपाळाला लावला. "सरकारी मुद्रा आहे. बास की मग. पास म्हणजे पास." आणि तो कागद दुकानाच्या परवान्याबरोबर कपाटात ठेवून दिला.

मी काही बोलले नाही. मी खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले, असं कितीतरी महिने स्वतःला सांगत होते. पण ते गप्प बसणं वाढत गेलं. अक्का गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या, "आमची पोर दहावी आहे, फर्स्ट क्लास." फर्स्ट क्लास कुठून आला देव जाणे. कुणी शाळेचे सर आले की मी कपाटासमोर जाऊन उभी राहायची. त्यांना मराठी येत असेल का, कपाट उघडतील का, असंच सगळं डोक्यात.

अक्कांची नात गाईडमध्ये होती. तिचा निळा गणवेश मीच शिवला. बॅज कुठं लावायचे हे न विचारताच मी ते लावले. सोपानाचा, म्हणजे चढत्या परीक्षेचा, डाव्या बाहीवर, प्रावीण्याचे उजव्या बाहीवर, दोन-दोनच्या जोड्यांनी. पोरीनं डोळे मोठे केले. "तुला कसं माहीत ग?"

"आमच्या शाळेत होतं," मी म्हटलं.

"मग तू पण होतीस?"

"होते. थोडे दिवस. मग सोडलं."

तेव्हापासून ती मला बॅज-अक्का म्हणायला लागली. तिसऱ्या सोपानाचा बॅज आणला तेव्हा दुकानात शिरताना ओरडलीच, "बॅज-अक्का, मशीन सोड, डावी बाही रिकामी कर!" मी तो मशीनवर नाही, हातानं शिवला, बारीक टाक्यांनी. शिवताना मला माझा आठवत होता. पण मी तर सोडलं होतं न, मग आठवायचं काय?

तिची दहावी सुरू झाली आणि राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराचं पत्र आलं. पाच दिवस, शहराबाहेर. अक्कांचा मुलगा, म्हणजे तिचा बाप, हेब्बाळला कंपनीत आहे. त्या शनिवारी तो पोरीला घेऊन दुकानात आला तो चिडूनच. "दहावीचं वर्ष आणि ही गाठी मारायला जाणार? ट्यूशन बुडवून? अम्मा, तूच सांग हिला."

"मला काय कळतंय त्यातलं," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "हिला विचारू. ही होती त्यात. काय ग, उपयोग असतो का त्याचा काही?"

तिघंही माझ्याकडं बघत होते. पोरीच्या तोंडावर तर हसूच होतं. मी तिच्याच बाजूनं बोलणार याची तिला खात्री होती.

माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं. ही जाणार, पास होणार, जाड कागद घेऊन येणार. वर राजमुद्रा, खाली राज्यपालांची सही. अक्का तो कपाळाला लावणार, कपाट उघडणार आणि माझ्या कागदाशेजारी ठेवणार. आणि ही पोर शाळेत हिंदी शिकते. एका नजरेत वाचेल.

"खरं सांगू का अक्का," मी म्हटलं, "काही उपयोग नसतो. आमच्याकडं पण पोरी जायच्या. कागद मिळतो एक. घरात पडून राहतो."

"तुला मिळाला होता?" पोरीनं विचारलं.

"नाही."

हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला. आयुष्यात मी एक गोष्ट स्वतःच्या बळावर मिळवली होती, तिला मी नाही म्हणाले. आणि जी दहावी नव्हती तिला इतकी वर्षं हो म्हणत बसले होते.

"बघ," तिचा बाप म्हणाला. "ऐकलंस?" पोर दप्तर उचलून पायऱ्या उतरली.

तिनं विचारलं होतं त्याचं खरं उत्तर इथं लिहिते. आता त्याचा तिला उपयोग नाही, तरी लिहिते.

आमचं चाचणी शिबिर एका आमराईत होतं. गाईडच्या बाईंनी मला दोन काड्या दिल्या. दोन काड्यांत चूल पेटली पाहिजे. पहिली वाऱ्यानं गेली. दुसरी हातात धरून मी अशी बसले, की बाई म्हणाल्या, "लाव की, का लग्नाचा मुहूर्त बघतीस?" सगळ्या पोरी हसल्या, मीही हसले आणि त्याच काडीनं चूल पेटवली. भांड्यांशिवाय स्वयंपाक करायचा होता. कणीक पानावर मळली, काठीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजली, वांगी चिखलात थापून त्याच आरात पुरली. चिखल फोडल्यावर वांग्याची साल चिखलाबरोबर निघून आली, तेव्हा परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंनी पहिला घास घेतला आणि मीठ मागितलं. मीठ मी विसरले होते. तरी पास केलं. दुसऱ्या दिवशी बत्तीस पोरींना मी सावधान म्हटलं आणि बत्तीस पोरी सावधान झाल्या. घरात माझ्या बोलण्यावर म्हैससुद्धा हलत नव्हती.

त्याचा उपयोग काय झाला? दहावीला वाढीव गुण मिळाले असते, पण मी दहावीला बसलेच नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा मी शाळेत नव्हते, बाई घरी घेऊन आल्या. आईनं अंथरुणातून विचारलं, "याचं काय करायचं?" बाई कागद तिच्या उशाशी ठेवून उठल्या. कदाचित तिथूनच माझ्या मनात बसलं, की हा कागद काही कामाचा नाही. दुकानात मशीनची सुई एका बाईच्या बोटातून आरपार गेली तेव्हा सगळ्या किंचाळत होत्या आणि मी चाक हातानं उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट बांधलं, रिक्षा बोलावली. अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, रोज शंभर माणसांसमोर बसायची माझी हिंमत कुठून आली? मला माहीत होतं कुठून आली. ते त्या शनिवारी सांगायचं होतं.

पोर शिबिराला गेली नाही. तिच्या पथकातल्या चौघी गेल्या, चौघींना पुरस्कार मिळाला. त्यांचे नवे बॅज आमच्याच दुकानात लावायला आले. मी लावले.

दहावी झाली, ती कॉलेजला गेली. जूनमध्ये एका दुपारी गणवेश घेऊन आली. "बॅज-अक्का, हे बॅज काढून दे. शर्ट मामाच्या मुलीला द्यायचाय."

ती काउंटरला टेकून फोन बघत होती. अक्का आत जेवण उरकून नुकत्या येऊन बसल्या होत्या. मी ब्लेड घेतलं आणि डाव्या बाहीवरच्या बॅजचा पहिला टाका कापला. दुसरा कापला. माझेच टाके, बारीक, हातानं घातलेले, निघता निघत नव्हते. तिसऱ्याला माझ्यानं ब्लेड धरवेना.

"अक्का," मी म्हटलं, "कपाटातला माझा कागद काढा."

"कुठला ग?"

"दहावीचा म्हणता तो."

त्यांनी काढला. मी पोरीच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं वाच, अज्जीला ऐकू जाऊ दे."

ती वाचायला लागली. माझं नाव, शाळेचं नाव, मग 'राज्य पुरस्कार'. तिथं थांबली. पुन्हा वाचलं. माझ्याकडं बघितलं.

"यात मार्क कुठायत?" अक्कांनी विचारलं.

"मार्क नाहीत अक्का. ही दहावी नाही. मी नववी आहे."

अक्कांनी कागद परत घेतला, डोळ्यांजवळ धरला, जणू आता तरी अक्षरं ओळखू येतील. "मला वाचता येत नाही म्हणून," त्या हळू म्हणाल्या. "आपल्याच भाषेतलं मला वाचता येत नाही म्हणून तू."

"हो."

"नववी म्हणाली असतीस तर मी काय हाकललं असतं? मी चौथी आहे!" मग आवाज चढला. "दहावीचं जाऊ दे. हे खरं आहे न, हे जे हिनं वाचलं?"

"हे खरं आहे."

"मग पोरीला का अडवलीस? ती तुझ्या तोंडाकडं बघत होती. तिचा बाप काही म्हणू दे, मी पाठवली असती. तुझ्या शब्दावर थांबवली मी तिला."

मी पोरीला म्हटलं, "माफ कर ग."

तिनं खांदे उडवले. "बेडा बिडू, सोड ते, बॅज-अक्का. आता मला वेळ पण नाही." रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिला आता त्याचं काही वाटतच नव्हतं, आणि ते मी केलं होतं. शर्ट तसाच टाकून ती गेली.

दोन दिवस अक्का माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी रोज संध्याकाळी हिशेब दिल्यासारखी उभी राहायची, आता काढतील म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "उद्या लवकर ये. दोन शाळांची मापं आहेत." मी रडायला लागले तर ओरडल्या, "कापडावर नको ग! पांढरं आहे."

मला ठेवलं त्यांनी. काउंटरवरच ठेवलं. गिऱ्हाईक आलं की आता सांगतात, "नववी आहे, पण राज्यपालांची सही आहे तिच्याकडं." चेष्टा करतात की कौतुक, मला कळत नाही. मी मान खाली घालून टेप उचलते.

परवा मापाच्या खडूनं मी एका चिंधीवर 'अ' काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चिंधी हातात घेऊन उजेडात धरली. "कन्नडपेक्षा सोपा दिसतो," म्हणाल्या. मग चिंधी बाजूला सारली. "आता नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे."

नातीचे ते पाच दिवस मी परत आणू शकत नाही. ते माझ्या अंगावर राहणारच. पण अक्कांचं जे देणं आहे ते मी एक दिवस फेडणार. ऑपरेशन झालं, डोळ्यांची पट्टी निघाली, की रोज दुपारी दुकान निवांत असतं तेव्हा एक-एक अक्षर. त्या कंटाळतील, मला शिव्या घालतील, स्वल्प थांब म्हणतील. मी थांबेन, पण सोडणार नाही. त्यांच्यासमोर कुणीही कुठलाही कागद ठेवला, तर त्यावर काय लिहिलंय ते त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं न बघता कळेल, इथवर त्यांना नेईन.