जंक्शनवरचे पेढे

दुबईच्या देरा भागातलं ते स्टेशन मला कधीच आवडलं नाही. लाल आणि हिरवी लाईन जिथे भेटतात ते जमिनीखालचं जंक्शन, मेट्रो सुरू झाली तेव्हापासूनचं, म्हणजे दुबईच्या हिशेबाने ऐतिहासिकच. सरकत्या जिन्याने खाली उतरायचं, मग आणखी खाली, आणि वरच्या शहराचा आवाज कुणीतरी दार लावल्यासारखा बंद होतो. एसी इतका की मे महिन्यात शाल आठवावी. मी रोज तिथे गाडी बदलते, पण एक मिनिट जास्त थांबत नाही.

बाबांना मात्र ते फार आवडलं. सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी ते नियमांच्या बोर्डासमोर उभे राहिले आणि अख्खा बोर्ड वाचून काढला. खायचं नाही, प्यायचं नाही, च्युइंगम चघळायचं नाही, नाहीतर दंड. याला म्हणतात शिस्त, असं मला ऐकवून झालं, जणू पुण्याची सगळी बेशिस्त माझीच.

आई गेल्यापासून ते पुण्यात एकटे राहत होते. व्हिजिट व्हिसावर आम्ही त्यांना शारजात, अल मजाजच्या आमच्या घरी आणलं ते खरं तर कायमचं ठेवून घ्यायच्या इराद्याने. पण विषय काढला की ते म्हणत, मी ठणठणीत आहे, आणि पेपर तोंडासमोर धरत. परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. माझी रोज चिडचिड व्हायची आणि त्यांच्यावर काडीचाही परिणाम व्हायचा नाही.

त्या शनिवारी त्यांना जबल अलीच्या देवळात जायचं होतं. नवरा साईटच्या कामाला गाडी घेऊन रास अल खैमाला गेलेला, म्हणून आम्ही दोघं बसने निघालो. मी पोहे केले होते. बाबांनी ताट बाजूला सारलं. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही हा आईचा नियम. ती होती तेव्हा तिच्याशी यावरून वाद घालणारे बाबा ती गेल्यावर तो नियम तिच्याहून कडक पाळायला लागले. मला वाटलं, खाणं पुढे ढकललं म्हणजे इन्शुलिनही पुढे ढकललं असणार. त्यांनी ते बाथरूमचं दार लावून ठरल्या वेळेला टोचून घेतलं होतं, कारण वेळ चुकवायची नाही हा डॉक्टरांचा नियम. दोन्ही नियम पाळले गेले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शारजातून निघताना बस अडकली ती अडकलीच. मागून कुणीतरी ड्रायव्हरला सारखं यल्ला, यल्ला, म्हणजे चल, चल, करत होतं. एरवी बाबांनी अशा माणसाला वळून पाहून घेतलं असतं. ते खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. मला वाटलं, ट्रॅफिकवर रुसले.

जंक्शनला सरकत्या जिन्यावर मी त्यांचा हात धरला तर तो घामाने निथळत होता. त्या गारठ्यात. विचारलं तर म्हणाले, काही नाही. खाली उतरल्यावर, जायचं लाल लाईनने असताना, ते सरळ हिरव्या लाईनकडे चालायला लागले. मी हाक मारली. ते थांबले, वळले आणि बँकेतल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं सभ्यपणे माझ्याकडे बघू लागले.

त्यांना बाकावर बसवलं. पर्समध्ये गोड असं एकच होतं, नैवेद्याच्या पेढ्यांचा बॉक्स. मी पेढा त्यांच्या तोंडाशी नेला.

"देवाचे आहेत," ते म्हणाले. शब्द जड येत होते. मग बोर्डाच्या दिशेने हात करून म्हणाले, "इथे मना आहे."

आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी विनवलं, दटावलं, शेवटी त्यांची हनुवटी धरली. लोक बघत होते. काचेच्या दारांपलीकडे एक गाडी आली आणि गेली. बाबांची मान छातीवर यायला लागली होती, पण दात उघडत नव्हते. एका पेढ्यावाचून माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत जाणार, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात युनिफॉर्ममधला सिक्युरिटीवाला आमच्याकडे यायला लागला. परक्या देशात युनिफॉर्म आपल्याकडे येताना दिसला की जे जे मनात येतं ते सगळं आलं. दंड, आयडी, बाबांचा व्हिसा. मी घाईघाईने हिंदीत सांगितलं, शुगर लो झाली आहे, खात नाहीत. तो माझ्याशी बोललाच नाही. बाबांपुढे वाकला.

"अंकल, खाओ. मैं बोल रहा हूँ."

बाबांनी त्याच्या शर्टाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

एक पेढा, दुसरा, तिसरा. सिक्युरिटीवाल्याने पाणी आणून दिलं. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी भयंकर संतापही आला. पोटच्या पोरीने एवढं विनवून जे झालं नाही ते खांद्यावरच्या पट्ट्यांनी झालं. बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत येईपर्यंत तो माणूस तिथेच उभा राहिला, मग दवाखान्यात न्या म्हणून बजावून गेला.

बाबांनी बॉक्सकडे बघितलं आणि आता दुसरे पेढे घ्यावे लागतील म्हणाले. मी म्हटलं, देऊळ राहू दे, आधी डॉक्टर. आणि मग माझा आवाज चढला. बसमध्ये का नाही सांगितलंत, मी शेजारीच बसले होते ना.

"एवढं काय घाबरायचं त्यात," ते म्हणाले. "पुण्याला घरी पण होतं असं. ओट्याला टेकून खाली बसतो. मग केव्हातरी जाग येते."

कितीदा होतं, मी विचारलं. ते रुमालाने हात पुसत होते. आपली गाडी कुठल्या बाजूची, असं त्यांनी मला विचारलं.