चार उ आणि तीन फोटो

"अध्यक्षांचा फोटो लहान करता येणार नाही, प्रतिभा. विषय संपला."

"लहान करू नका सर, काढूनच टाका. विमान शोधणारा माणूस अध्यक्षांना कशाला शोधेल?"

"आणि उपाध्यक्ष?"

"त्यांना तर घरचेही शोधत नाहीत."

ललित सरांना हसू आलं होतं, पण कंपनी त्यांचीच असल्यामुळे त्यांनी ते गिळलं. भांडण अकरा इंची लॅपटॉपवरून चाललं होतं. नाशिकजवळच्या फूलवाल्यांच्या एका संघाची फुलं ओझरहून विमानानं जातात. विमान आलं की नाही हे शेडमध्ये बसून कळावं, म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर मागवलं होतं. संघाचे लॅपटॉप हे असे चिमुकले. त्यावर नकाशा, विमानांची यादी, आणि वर वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखे तीन फोटो: अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि 'मार्गदर्शक', म्हणजे अध्यक्षांचे मेहुणे. तिन्ही डोकी एका मापाची हवीत, असं संघाचं लेखी पत्र होतं. एवढं बसवल्यावर विमानांना जागा उरेना. मग सरांनी हुकूम काढला: गावांची नावं सोडून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर ठेवा, बाकीचं छाटा.

प्रतिभा मखमलाबादची. घरचा मळा मेथी-कोथिंबिरीचा. लहानपणी ती शाळेआधी क्रेटमध्ये जुड्या रचायची. एखादी जास्त कोंबली की वडील म्हणायचे, "काढ ती. तिच्यापायी मधल्या काळ्या पडतील." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं उपयोगाचं तिला कुणी सांगितलं नाही. ऑफिसात स्क्रीनची मांडणी तिच्याकडं. बाकी सगळ्यांपुढं दाराएवढे मॉनिटर. हिच्यापुढं एक जुना, छोटा लॅपटॉप. त्याला सगळे 'पाटी' म्हणतात आणि हिला पाटीवाली. कुणाचंही काम ती आधी पाटीवर उघडते.

"बटण कुठंय रे?"

"खाली आहे."

"खाली म्हणजे? टेबलाखाली?"

बघायला आलेल्या मुलाच्या आईनं विचारलं होतं, "नोकरीत नक्की करतेस काय?" ही म्हणाली, "पसारा आवरते." स्थळ तिथल्या तिथं पक्कं झालं. सासरी पहिल्याच आठवड्यात पोटमाळा तिच्या ताब्यात देण्यात आला.

तर भांडण इथवर आलेलं असताना वाल्मीकभाऊ दारात उभे राहिले. संघाच्या शेडमधून फुलांची गाडी सोडायचं काम त्यांचं. लवकर सोडली तर जरबेरा ओझरच्या उन्हात, उशिरा सोडली तर विमान आकाशात. चार वाजता सॉफ्टवेअर संघाच्या हवाली व्हायचं होतं, आणि त्याआधी कागदावर दोन सह्या हव्या होत्या. एक वापरणाऱ्याची, एक तयार करणारीची.

प्रतिभानं पाटी त्यांच्यापुढं सरकवली. "वाचा भाऊ."

"दिल्ली... उ." वाल्मीकभाऊंनी डोळे बारीक केले. "म्हंजे उशीर. मंग चहा सांगा."

"नाही नाही," सर म्हणाले, "ते उड्डाण. ते गेलं."

"गेलं? आन् माझा माल?"

"अहो, हा नमुना आहे! पुढचं वाचा."

"उ. हे बी गेलं."

"हे उतरलं."

"आन् त्याच्या बाजूचा उ?"

"ती उंची. वरचं टिंबही छाटलं."

"मग उशीर कुठं दिसतो, सर?" प्रतिभानं अगदी गोड आवाजात विचारलं.

"तिसऱ्या ओळीत."

"काय लिहिलंय?"

सरांनी घसा साफ केला. "उ."

वाल्मीकभाऊ म्हणाले, "आमच्या शाळेत एकच उ व्हता, उखळाचा. तुमच्याकडं लय पीक आलंय."

"इंग्रजीत करू! डी, डिपार्चर. सुटसुटीत."

"आणि डिले?"

"डी," सर म्हणाले.

प्रतिभानं दुसरी फाइल उघडली. फोटो नाहीत. ठळक अक्षरांत 'उतरले', 'उशीर: चाळीस मिनिटं'.

"हे बेस हाय!" वाल्मीकभाऊ खुर्चीत पुढं सरकले. "हे मला चष्म्याबिगर दिसतंय."

"यात अध्यक्ष नाहीत," सर म्हणाले.

वाल्मीकभाऊ तसेच मागं सरकले. "नाहीत व्हय?"

"उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे. त्यांनी विचारलं, माझा फोटो कुणी नापसंत केला, तर मी काय सांगू?"

कागद पुढं आला. वाल्मीकभाऊंनी प्रतिभाकडं न बघता सही केली. "ताई, मी आपला ओझरला फोन करून इचारीन. आजवर तसंच चाललंय."

"बघ, वापरणाऱ्याला समजलं!" सरांनी कागद तिच्याकडं फिरवला. "आता तू. 'तयार करणार'पुढं."

"जे बघूनही तुम्ही फोनच करणार, त्याच्यावर माझं नाव कशाला, भाऊ?"

वाल्मीकभाऊ टोपी झटकत राहिले.

"पूर्ण नाव नको लिहूस," सर समजुतीनं म्हणाले. कागदावरही वर तेच तीन फोटो होते आणि खाली बोटभर जागा. "बसणार नाही. नुसतं 'प्र.' लिही. कळतं सगळ्यांना."

प्रतिभानं पेनाला टोपण लावलं, पर्स खांद्याला अडकवली.

"प्रतिभा? चहाला चाललीस की घरी? अगं, सही राहिली!"

दार तिच्यामागं आपोआप बंद झालं.