जीव नको

आमच्या घरात 'जीव नको' हे शब्द मिठासारखे वापरले जात. इडलीचं पीठ आंबलं नाही, तिरुवैयारुची बस थांब्यावर न थांबता पुढे गेली, ऐन दुपारी वीज गेली, की अम्मा पदरानं वारा घेत म्हणायची, "जीव नको झाला." आणि उठून कामाला लागायची. आम्ही आईला अम्मा आणि वडिलांना अप्पाच म्हणतो. तंजावूरला इतक्या पिढ्या काढल्यावर तेवढं चालायचंच.

अप्पा गेले तेव्हापासून ती हे म्हणायची, पण उठायची नाही. खिडकीशी बसून राहायची. पान वाढलं तरी 'जीव नको', नातीनं टीव्ही लावून दिला तरी तेच. अप्पांशी ती दिवसभर मराठीत भांडत असे. आता मराठीत भांडायला मी एकटी, आणि मी संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या ऑफिसात. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून तमिळच येतं. ज्या भाषेत भांडायचं तो माणूसच गेला, तर बाईनं करावं काय?

मी तापट आहे. आधी ओरडले, मग देवळात नेलं, मग पुन्हा ओरडले. शेवटी ऑफिसातल्या एकीनं समुपदेशन करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. औषधांच्या दुकानावरची खोली, एक पंखा, तीन खुर्च्या. बाई तमिळ, वयानं माझ्याहून लहान. गुडघ्यांसाठी जातोय असं मी अम्माला सांगितलं होतं. "इतकें कळत नाहीं काय मला," म्हणाली, आणि इस्त्रीची साडी नेसून निघाली.

पहिले काही आठवडे नुसती करमणूक. जेवण नल्ला, झोप नल्ला, मुलगी तर तंगम. सगळं छान आणि मुलगी सोनं. तमिळ ही अम्माची बाहेर जायची साडी आहे. ती नेसली की अम्मा बरी असते. मी शेजारी बसून दात खात होते. बाई मात्र हुशार निघाल्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही मनाशी कुठल्या भाषेत बोलता?" अम्मा म्हणाली, "मराठी." "मग आज मराठीतच बोला. मुलगी मला तमिळमध्ये सांगेल."

चपला काढून पाय जमिनीवर टेकायचे. डोळे मिटायचे. पायापासून वर एकेका ठिकाणी लक्ष न्यायचं आणि तिथं काय वाटतं ते सांगायचं. चांगलं वाईट ठरवायचं नाही. अम्मा सांगू लागली, मी तमिळ करू लागले.

"पाय गार आहेत." सांगितलं.

"गुडघे आहेत तसेच." सांगितलं.

"पोटांत कांहीं नाहीं." तेही सांगितलं.

"आणि छातीत?" बाईंनी विचारलं. मग अम्मा अगदी हळू म्हणाली, "जीव नको."

मी तोवर यंत्रासारखी झाले होते. ऐकायचं, उलटायचं, टाकायचं. "उयिर वेंडाम," मी म्हटलं, आणि माझाच आवाज माझ्या कानावर आला. तमिळमध्ये याला दुसरा अर्थच नाही. जगायचं नाही, एवढाच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझी तारांबळ उडाली. मी घाईघाईनं सांगत सुटले, की ही आमची बोलायची पद्धत आहे, पीठ आंबलं नाही तरी आम्ही असंच म्हणतो, बस चुकली तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पद्धत समजली," त्या म्हणाल्या, "पण आज त्या कुठल्या अर्थानं म्हणाल्या? तुमच्या भाषेत विचारा त्यांना."

आमच्या भाषेत विचारायला शब्द तोच होता. "अम्मा," मी म्हटलं, "जीव नको म्हणजे कसें? नेहमींसारखें, कीं खरेंच?"

तिनं डोळे उघडले. पायांनी चपला चाचपल्या. माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंकडे बघून हसली आणि म्हणाली, "सुम्मा सोन्नेन." उगाच म्हटलं. तमिळमध्ये म्हणाली.

बाईंनी जे सांगितलं ते सगळं मी करते. तिला एकटं ठेवत नाही; मी ऑफिसात असते तेव्हा मुलगी नाहीतर शेजारीण जवळ असते. दर आठवड्याला घेऊन जाते. विचारायला घाबरू नका, विचारल्यानं वाईट होत नाही, असं त्या म्हणाल्या, म्हणून विचारतेही. उत्तर तमिळमध्ये येतं. रोज सकाळी आम्ही दोघी पाय टेकून, डोळे मिटून बसतो. मला माझ्या शरीराचं काही कळत नाही, कारण मी एक डोळा उघडून तिचा श्वास बघत असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे देवनागरीत लिहितेय तेही तमिळच लिपी शिकलेल्या अम्माला ती वाचता येत नाही म्हणून.

त्या दिवसापासून अम्मानं 'जीव नको' म्हणणं सोडलं. वीज जाते, ती गप्प. बस जाते, ती गप्प. इतकी वर्षं ज्या शब्दांनी माझं डोकं उठायचं, ते ऐकायला आता कान टवकारून बसते.

काल दूध उतू गेलं. शेगडीभर झालं, खाली फरशीवर ओघळलं. अम्मा शेजारीच उभी होती. मी वाट पाहिली. तिनं गॅस बंद केला आणि फडकं घेतलं. माझ्यानं राहवलं नाही. आता तरी तिच्या तोंडून निघेल म्हणून मीच कपाळावर हात मारून म्हटलं, "जीव नको झाला बघ या दुधानें."

अम्माचा हात थांबला. फडकं तसंच टाकून तिनं माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि मराठीत म्हणाली, "तूं नको म्हणूं तसें. तूं नको."