इस्त्रीकाकूंच्या नावाच्या चिठ्ठ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या हातभर जागेत, इस्त्रीकाकू गेली एकवीस वर्षं उभ्या आहेत. उभ्या म्हणजे अक्षरशः उभ्या. बसून केलेली इस्त्री त्यांना पटत नाही. कपडे घरोघरी पोचवायलाही त्याच जातात. त्यामुळे कोणाच्या घरात माणसं किती, कोणाची कॉलर उलटून शिवलेली, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

म्हणूनच वस्तीतल्या सुईणबाईंनी गट सुरू केला तेव्हा पहिली हाक काकूंना मारली. मग निवृत्त मास्तर आले, एक गवंडी आला, आणखी दहाबारा बायका आल्या. गटाने सार्वजनिक नळ दुरुस्त करून घेतला, शाळेच्या वाटेवरची गटारं झाकून घेतली. प्रत्येक कामात काकू पुढे. "गल्लीतल्या गरिबांसाठी आपण एवढं तरी केलंच पाहिजे," असं त्या सगळ्यांना सांगत.

मागच्या वर्षी एका बंद कारखान्याचं छप्पर उतरवलं आणि गवंड्याच्या ओळखीने त्याचे धडके पत्रे गटाला फुकट मिळाले. पुरणार होते पाच घरांना. कोणत्या पाच, हे बाहेरच्या साहेबाने ठरवण्यापेक्षा गल्लीनेच ठरवावं, असं बैठकीत नक्की झालं. प्रत्येक घराने चिठ्ठीवर सगळ्यांत गरजू पाच घरं लिहायची, आपलं सोडून. चिठ्ठ्या गोळा करायचं काम अर्थातच काकूंकडे आलं. इस्त्रीच्या कपड्यांबरोबर डबा घेऊन त्या आठवडाभर दारोदार फिरल्या.

रविवारी दुपारी मास्तरांच्या खोलीत मोजणी झाली. मास्तर चिठ्ठी वाचत, काकू पाटीवर रेघ ओढत.

"इस्त्रीवाल्या काकू," मास्तरांनी पहिल्याच चिठ्ठीत वाचलं.

काकू हसल्या. कोणीतरी चेष्टा केली असणार. दुसऱ्या चिठ्ठीतही तेच निघालं. तिसरीत नव्हतं, चौथीत होतं. आठव्या चिठ्ठीला काकूंनी खडू खाली ठेवला.

"मास्तर, लोकांना प्रश्न कळलेला दिसत नाही."

"समजावून तुम्हीच सांगितलात ना?"

"मग माझंच चुकलं असेल. गटात काम कोण करतं, असं विचारलंय असं त्यांना वाटलं असेल."

मास्तर चष्मा पुसत राहिले. उरलेल्या रेघा त्यांनीच ओढल्या. त्रेपन्न चिठ्ठ्यांपैकी एकेचाळीसांवर काकूंचं घर होतं. यादीत सगळ्यांत वर.

काकू घरी आल्या आणि दारातच थबकल्या. आत काका पडून होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून डोळे गेल्यापासून ते घरीच असत. छपराच्या भोकांतून आलेले उन्हाचे कवडसे त्यांच्या चादरीवर पडले होते. काकूंनी ते मोजले. चौदा. रोज याच खोलीत राहून आपण हे कधी मोजले कसे नाहीत, हे त्यांना कळेना.

"आपण गरीब आहोत का हो?" त्यांनी विचारलं.

काका कुशीवर वळले. "कोणाच्या मानाने?"

सून भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, पत्रे मिळतायत तर घ्या. विचार कसला करताय?"

पण काकूंच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला त्या शेजारच्या शिवणवालीकडे गेल्या. दोघींची मैत्री लग्नापासूनची.

"तू लिहिलंस माझं नाव?"

"लिहिलं."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर लिहू दिलं असतंस?"

काकूंना राग यावा तर राग धड येत नव्हता, बरं वाटावं तर तेही नाही. इतकी वर्षं त्या ज्या घरांत जाऊन मनातल्या मनात चुकचुकत आल्या होत्या, त्या घरांतली माणसं त्यांच्या पाठीमागे तशीच चुकचुकत होती की काय? त्या परत निघाल्या आणि आपल्याच घराच्या दारावरून चार पावलं पुढे गेल्या, मग वळल्या.

बैठकीत त्या नकार द्यायला उठल्या. "माझं नाव काढा. मी गटातली आहे. म्हणजे, गटातली असले तरी माझं छप्पर... म्हणजे छप्पर गळतं, ते खरं आहे. पण मी त्यातली नाही."

"कशातली?" सुईणबाईंनी शांतपणे विचारलं.

काकू पुन्हा खाली बसल्या. नाव राहिलं.

पत्रे चढवायच्या दिवशी गवंडी आणि चार बायका सकाळीच आल्या. काकूंना काय करावं सुचेना. आधी त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मग त्यांना वाटलं की यजमानीण होऊन मिरवणं बरं दिसत नाही. म्हणून त्या पत्रा धरायला गेल्या.

"काकू, आज तुम्ही बसा," गवंडी म्हणाला.

त्या बसल्या, लगेच उठल्या, पुन्हा बसल्या. शेवटी त्यांनी शिवणवालीच्या दारातून सगळं पाहिलं, परक्याचं घर पाहावं तसं. दुपारपर्यंत छप्पर झालं. चांगलं झालं. खोलीत गारवा आला आणि काका त्या दिवशी दुपारभर झोपले.

काकू गटात अजून आहेत. यंदा घरांची मोडकी दारं बदलायच्या कामासाठी पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हाही डबा त्यांच्याच हातात होता. पण या वेळी स्वतःची चिठ्ठी लिहायच्या आधी ज्यांची नावं मनात होती त्या पाच घरी जाऊन त्यांनी विचारलं, "तुमचं नाव लिहू का?" दोघांनी लिहा म्हटलं. एक बाई रडली. उरलेल्या दोघांनी तेव्हापासून कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली.

परवा शर्ट आणायला गेलो तर मला म्हणाल्या, "विचारलं ते बरोबर की न विचारता लिहिलं ते बरोबर? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा."

त्यांनी शर्टाची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि पुढचा शर्ट फळीवर पसरला.