चौथी ओळ

टाक्या निम्म्या भरल्या होत्या आणि नवव्या ओळीचं डायल गेज थांबत नव्हतं.

चेन्नईच्या किनाऱ्यावरचा जुना करमणुकीचा पिअर, म्हणजे खांबांवर समुद्रात शिरलेला लांब धक्का, आम्ही पुन्हा उभा करत होतो. खांबांच्या बारा ओळी होत्या. तपासणीचं काम माझ्याकडे होतं. पाळणे बसवण्याआधी लोड टेस्ट होते. डेकवर टाक्यांत पाणी भरून गर्दीइतकं वजन चढवायचं आणि खांब किती खचतात ते गेजवर वाचायचं. इथे दोन मिलिमीटरपर्यंत चालणार होतं. नववी ओळ तीनवर गेली होती. डेकवर अकरा माणसं होती.

पाणबुड्याच्या तपासणीत नववी ओळ चांगली ठरली होती. खराब होती ती चौथी. तिच्या खांबांभोवती काँक्रीटचं नवं कवच, आमच्या भाषेत जॅकेट, घालून झालं होतं.

"गेज बिघडलं असेल," प्रोजेक्ट मॅनेजर रामनाथन म्हणाले. "पाणी चालू ठेवा. काणुम पोंगलला उद्घाटन आहे." त्या दिवशी अर्धं शहर किनाऱ्यावर येतं.

मी दुसरं गेज लावलं. साडेतीन.

"सर, पाणी बंद करतोय."

"कशाच्या आधारावर? ओळ चांगली असल्याचा रिपोर्ट तुमचाच आहे."

होता माझाच.

खाली बोटीत पाणबुडे अंतोणी बसले होते. पूर्वी मासेमारी करायचे. मी वरून तमिळमध्ये विचारलं, "अण्णा, ही ओळ नीट तपासली होती ना?"

"ही? ही सडकी आहे सार. हातोडा मारला की पोकळ वाजते. सांगितलं होतं की."

"तुम्ही चौथी म्हणाला होतात."

"मग ही चौथीच आहे. मोजा." त्यांनी समुद्राकडच्या टोकापासून बोटानं चार ओळी मोजून दाखवल्या.

ते बोटीनं यायचे, समुद्राकडून. ड्रॉइंगवरचे नंबर किनाऱ्याकडून सुरू होत होते. त्यांनी तोंडी सांगितलेले आकडे मी तसेच फॉर्ममध्ये भरले होते.

आधी माणसं उतरवली, मग टाक्या रिकाम्या केल्या. तासभर लागला. तेवढ्या वेळात रामनाथन एकदाच बोलले.

"म्हणजे जॅकेट चांगल्या खांबांना घातलं?"

"हो सर."

"त्यांना थंडी वाजत होती का?"

पोंगलचं उद्घाटन हुकलं. नवव्या ओळीला जॅकेट घातल्यावर पुन्हा टेस्ट केली. दीड मिलिमीटर. खुलाशात मी चूक माझ्या नावावर लिहिली. आकडा लिहून घेताना तो कुठून मोजला, एवढं विचारायचं असतं. त्याला अर्धं मिनिट लागतं.