झेंडूच्या हाराचा विसार

नाशिकमधल्या किती गाड्यांना मी आजवर हार घातले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. दसऱ्याच्या सकाळी फुलबाजाराबाहेर गाड्यांची रांग लागते. लोक काच खाली करतात, "मोठा हार दाखवा" म्हणतात, आणि घेतल्यावर तो बांधायचा कसा हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. मग मीच सुतळी घेऊन पुढे होते. कुठल्या गाडीला आरशांना गाठ मारली की भागतं आणि कुठल्या गाडीच्या पुढच्या जाळीतून दोरा ओवावा लागतो, हे मला गाडी चालवायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं.

आमच्या स्वतःच्या दाराला मात्र तोरण लागायचं ते बाजार उठल्यावर. उरलेल्या, चेपलेल्या, पाकळ्या गळालेल्या फुलांचं. चांगला माल गिऱ्हाइकाचा, उरलंसुरलं आपलं, ही फूलवाल्यांच्या घरची रीतच आहे. लहानपणी मी त्यावरून भोकाड पसरायचे. मोठेपणी नुसतीच धुसफुसायचे.

मखमलाबादच्या पुढे आमचं दीड एकर रान आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. फुलं पहाटे भाड्याच्या पिकअपने बाजारात जातात, आणि त्याच पिकअपमध्ये मागे, फुलांच्या कॅरेटांच्या मधोमध बसून आई जायची. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा असते, पण ती कुणातरी मोठ्या बागायतदाराने आधीच धरलेली असायची. मी स्कूटीवर मागून यायचे आणि पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून बसलेली आई मला पूर्ण रस्ताभर समोर दिसायची.

एका सकाळी बाजारात पोहोचल्यावर ती खाली उतरली आणि पिकअपच्या फळीला धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काय नाय. पाय झोपलाय."

पाय झोपला नव्हता, गुडघा धरला होता. पण आमच्या घरात दुखणं कबूल करायची पद्धत नाही.  संध्याकाळी घरी आल्यावर मी अकरा रुपये काढून तिच्या हातावर ठेवले.

"हे कशाचे?"

"विसार. येत्या दसऱ्याचा पहिला हार माझा. माझ्या गाडीला घालायचाय."

आमच्या बाजारात विसाराला मोठा मान आहे. आगाऊ पैसे हातात घेतले की माल पैसे देणाऱ्याचा झाला. मग भाव आभाळाला भिडो नाहीतर मातीत जावो, बोललेलं बदलायचं नाही. आईने माझ्याकडे नीट पाहिलं, थट्टा नाही हे तिला कळलं.

"आन् गाडी नाय आली तर?"

"तर विसार बुडाला."

"मी परत करायची नाय हां," असं म्हणून तिने ते पैसे देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली सरकवले. दसऱ्याला आठ महिने होते.

गाडीच्या कर्जासाठी मी सरळ बँकेत गेले. जाताना एक कागद मुद्दाम बरोबर घेतला, तोही लॅमिनेट केलेला. त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या कागदाचा मला केवढा तरी अभिमान होता. स्कूटी मी एका फायनान्सकडून हप्त्यांवर घेतली होती. लॉकडाऊनमध्ये देवळं बंद, लग्नं बंद, फुलं बांधावर टाकायची वेळ आलेली. हप्ते थकले. मग वसुलीवाल्याचा फोन आला, म्हणाला, मॅडम, सेटलमेंट करून टाका. बावीस हजार बाकी होते. मी त्याच्याशी तीन दिवस फोनवर घासाघीस केली. शेवंतीच्या पाटीसाठी करावी तशी. आणि तेरा हजारांवर आणून सोडला! त्याने पत्र पाठवलं, मी ते लॅमिनेट केलं आणि पेढे वाटले. नऊ हजार वाचवणारी बाई गल्लीत दुसरी दाखवा, असं म्हणत फिरत होते.

बँकेतली मुलगी माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला गोड. तिने कॉम्प्युटर पाहिला, मग मी टेबलावर थाटात ठेवलेलं ते पत्र पाहिलं.

"ताई, यामुळेच तर तुमचा स्कोअर खाली आलाय."

"यामुळे? अहो, कर्ज मिटवलंय मी!"

"मिटवलं नाही ना. सेटल केलंय. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, अशी नोंद होते. कर्ज नाही होणार, निदान एवढ्यात तरी."

मी तिला बरंच सुनावलं. काय काय बोलले ते आठवून आता लाज वाटते. ती बिचारी ऐकून घेत राहिली आणि शेवटी तिने मला पाणी दिलं. बाहेर येऊन मी स्कूटीवर बसले, पण किल्ली फिरवायचं सुचेना. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि त्या चोरीचे पेढे मीच वाटले होते.

आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती बँकेला चार शिव्या घालील. तिने हातातला गजरा ओवायचा थांबवला.

"तू ठरलेल्या सौद्याचा भाव पाडला?"

"अगं, तोच म्हणाला होता."

"तो म्हनंल. घासाघीस करायची ती भाव ठरायच्या आधी, लय कर. एकदा हो म्हनलं की संपलं. गाडी घेताना तू हो म्हनली होती ना?"

 बाजारात हा नियम मी रोज पाळत होते. कर्जालाही तो लागू असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला राग आला तो या गोष्टीचा, की शाळेची पायरी न चढलेल्या आईला जे एका वाक्यात कळलं ते मला बँकेत समजावून सांगूनही पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नऊ हजार घेऊन फायनान्सच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस चक्रावला. "खातं बंद झालंय मॅडम, आता कोण भरतं?" म्हणाला. मी म्हटलं, मी भरते. त्याने दोन वेळा वर फोन लावला, मग पैसे घेतले आणि काही बाकी नसल्याचा दाखला दिला. हा दाखला मी लॅमिनेट केला नाही. नोंद सुधारायला बरेच महिने लागतील असं बँकेतली मुलगी म्हणाली. या खेपेला मीच तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा नेला होता.

म्हणजे दसऱ्याच्या आत कर्ज नाही. हाताशी होते एक लाख तीस हजार. मी जुन्या गाड्या बघायला लागले. एजंट भेटायचे आणि प्रत्येक गाडी एखाद्या डॉक्टरची निघायची. "डॉक्टर यूज आहे मॅडम, एकदम चकाचक." नाशिकमधल्या डॉक्टरांनी त्या महिन्यात एवढ्या गाड्या विकायला काढल्या होत्या, की पेशंट तपासायला ते बहुतेक पायीच जात असावेत.

मुंबई नाक्याजवळ एक लाल गाडी मला फार आवडली. सीटला नवी कव्हरं, आत अत्तराचा वास. एजंट म्हणाला, आजच टोकन द्या, उद्या राहायची नाही. मी वरचा थर बघून कधी फुलं घेत नाही. कॅरेटमध्ये हात सरळ तळाला घालते. तसाच पायाखालचा मॅट उचलला, त्याखालचा गालिचा ओढला आणि सीटच्या रुळात बोट घातलं. बोटाला वाळलेला बारीक गाळ लागला.

"दादा, हा गंगेचा गाळ आहे. ही गाडी पुरात उभी होती."

"नाही हो, धूळ असेल."

"गोदाकाठच्या बाजारात बसते मी. गाळ मला शिकवू नका."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मात्र त्या दिवशी ताठ मानेने घरी आले. गाडी मिळाली नाही, पण फसले तरी नव्हते.

गणपती झाले तरी गाडीचा पत्ता नव्हता. आई काही विचारायची नाही, पण रोज देवपूजा करताना करंडा उचलून खालचे पैसे जागेवर आहेत का बघायची. मला चिडवायलाच बघायची.

मग एक दिवस आमचं जुनं गिऱ्हाईक बाजारात रिक्षाने आलं. कॉलेज रोडला राहणारे एक निवृत्त शिक्षक. दर दसऱ्याला त्यांच्या सोसायटीची फुलं आमच्याकडून जात, आणि त्यांच्या राखाडी गाडीचा हार मी स्वतः बांधत असे.

"सर, आज रिक्षा?"

"डोळ्यांनी दगा दिला. मुलाने किल्ली काढून घेतली. गाडी विकायची आहे आता."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी हजर. गाडी अकरा वर्षांची होती. मी बॉनेट उघडलं, मॅट उचलले, गालिचा ओढला. तळ कोरडा होता. सर म्हणाले, एक नव्वद. मी म्हटलं, एक चाळीस. त्यांच्या बायकोने दोनदा चहा केला. दीड तासाने एक पासष्टवर दोघंही थांबलो, आणि मला वाटतं दोघांनाही मजा आली होती.

मग खरी अवघड गोष्ट होती. "सर, माझ्याकडे एक तीस आहेत. उरलेले मी महिन्याच्या महिन्याला देईन. पण त्याआधी एक सांगते," असं म्हणून मी त्या सेटलमेंटची सगळी कथा सांगितली, पेढ्यांसकट. बँक मला उभी करत नाही, हेही सांगितलं. सांगताना कान तापले होते. पण उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

सर हसले. "तुम्हाला ते साठ रुपयांचं वर्ष आठवतं का?"

आठवत होतं. सरांनी आठ दिवस आधी सोसायटीसाठी चाळीस किलो झेंडू साठ रुपये किलोने ठरवला होता. दसऱ्याच्या सकाळी माल कमी आला आणि भाव दोनशेवर गेला. सगळ्यांनी आपले शब्द फिरवले. आईने साठनेच दिला. मी तेव्हा विशीत होते, त्यावरून मी आईशी चार दिवस बोलले नव्हते.

"त्या दिवशी मी दोनशेची तयारी करून आलो होतो," सर म्हणाले. "तुमच्या आई म्हणाल्या, साठ ठरलेत. आता गाडीचे बाकीचे पैसे तुम्ही जमतील तसे द्या. गाडीचे कागद मी आधीच करून देतो."

मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. सरांच्या बायकोने तिसरा चहा केला. बँकेत माझ्या नावावर काय होतं ते मी पाहिलं होतं. आईच्या नावावर काय होतं ते मला त्या घरात कळलं, आणि ते जमा होत असताना मी तिच्याशी भांडत होते.

पेठ रोडला आरटीओत दोन खेटे घालून गाडी माझ्या नावावर झाली. दसऱ्याला नऊ दिवस होते. घरी आणली तेव्हा आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचं दार उघडून आत शिरायला लागली.

"आई, पुढे बस."

"मग मागं फुलं कोन सांभाळील?"

"फुलं सांभाळतील स्वतःला. तू पुढे बस."

ती बसली. सीटच्या कडेवर, पाठ न टेकता. पहिले दोन-तीन दिवस तशीच बसत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोडणी सुरू झाली तेव्हा आईने पहिल्या सरीतली टपोरी केशरी फुलं वेगळ्या टोपलीत काढली. बाजारासाठी एकही हार ओवायच्या आधी तिने त्या फुलांचा हार केला, मध्ये मध्ये आंब्याची पानं घालून. सकाळी बाजारात पोहोचल्यावर मी तो गाडीला बांधला. या आरशांना गाठ बसते, हे मला जुनं ठाऊक होतं.

त्या वर्षीही माल कमी होता. दहालाच आमचे सगळे हार संपले. तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली. आतला माणूस उतरला, रिकाम्या पाटीकडे बघून चुकचुकला आणि त्याची नजर आमच्या गाडीवर गेली.

"हा काढून द्या ना. दोनशे देतो."

"विकायचा नाही."

"चारशे."

"सहाशे," माझ्या तोंडून निघून गेलं. खरंच सांगते, मी ठरवून बोलले नव्हते. जन्माची सवय. त्याने लगेच पाकीट काढलं.

आई गोणपाटावरून गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"ओ भाऊ, ठिवा ते पाकीट. हा हार गेलेला हाय."

"गेलेला कसा? इथेच तर आहे."

"आठ महिन्यांमागंच गेलाय. विसार घेतलाय मी."

"किती घेतलाय?"

"अकरा रुपये."

तो आईकडे बघतच राहिला. आई माझ्याकडे वळली. "आन् तू गं? सौदा झाल्यावर भाव काढती? चल, गाडी काढ."

ती पुढचं दार उघडून बसली, रिकामी टोपली मांडीवर घेतली आणि पाठ टेकली. तो माणूस अजून पाकीट हातात धरून आमच्या गाडीपुढे उभा होता. मी हॉर्न वाजवला, आणि तो बाजूला झाला.