सुविचाराच्या चौकटीतून कापलेली ओळ

गोंदियाच्या एका दैनिकात मी पान दोनवरची सुविचाराची चौकट भरत असे. जागा दोन ओळींची. बरीच वर्षे माझा भर एका रोमन सम्राटावर होता. त्याची राजवट रोगाच्या साथीत आणि सीमेवरच्या युद्धांत गेली. छावणीत बसून तो स्वतःपुरती टिपणे लिहीत असे. आज ती वाक्ये स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या भिंतींवर आणि सकाळी सकाळी लोकांच्या मोबाइलवर असतात.

माझी मोठी बहीण शहराबाहेरच्या एका राइस मिलमध्ये धान वाळवण्याच्या कामावर आहे. तिथल्या बायकांच्या संडासात मॅनेजरने कोंड्याची पोती रचली होती. दुसरा आडोसा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. त्या उन्हाळ्यात बहिणीला दोनदा लघवीचा संसर्ग झाला. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून येताना ती माझ्याकडे थांबली आणि पिशवीतून एक कात्रण काढून तिने माझ्यापुढे ठेवले. मागे गोंद वाळलेला होता.

"भाऊ, हे तूच लिवलं का?"

चौकट माझीच होती. माणसाला सोसवणार नाही असे काही त्याच्या वाट्याला येत नाही, अशा अर्थाचे सम्राटाचे वाक्य. मॅनेजरने ते पाण्याच्या टाकीवर चिकटवले होते. बायका पोत्यांचे सांगायला गेल्या तेव्हा त्याने त्यावर बोट ठेवले होते, "देखो बाई, राजा होके सह लेता था. आप को क्या तकलीफ है?"

"राजाच्या संडासात कोनी कोंडा भरला होता का?" बहिणीने विचारले.

कचेरीत जाऊन मी त्या चौकटीचा माझा मूळ मजकूर काढला. तो तीन ओळींचा होता. पहिली ओळ अशी होती: सम्राट स्वतःला बजावतो. जागेत बसेना म्हणून ती मीच कापली होती. त्यामुळे एका राजाने स्वतःला घातलेला धाक मिलमधल्या बायकांवरचा हुकूम झाला. त्याच सम्राटाने खजिना रिकामा पडल्यावर प्रजेवर कर न लादता राजवाड्यातल्या वस्तू विकल्या, असे जुने इतिहासकार सांगतात. ते कोणी टाकीवर चिकटवत नाही. त्याच्या पदरी गुलामही होते. त्यांना किती सोसवत होते, हे त्याच्या टिपणांत मला सापडले नाही. त्याचाही मला राग आला, पण माझा स्वतःवरचा राग जास्त होता.

चूक दुरुस्त करून छापू म्हणालो, तर संपादक हसले. "सुविचाराचं कधी शुद्धिपत्र निघते का बे?"

मी पुन्हा न विचारता दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत ते टाकले: या जागी छापलेले वाक्य सम्राटाने स्वतःसाठी लिहिले होते, दुसऱ्याला सोसायला लावण्यासाठी नव्हे. चौकट माझ्याकडून काढून घेण्यात आली. तिथे आता राशिभविष्य असते.

बहिणीने त्या शुद्धिपत्राचे कात्रण मिलमध्ये नेले आणि सगळ्या बायकांना वाचून दाखवले. मग बायकांनी पोती उचलली आणि मॅनेजरच्या केबिनच्या दारात नेऊन रचली, कडीपर्यंत. तो आतून ओरडत होता.

"सोसा ना साहेब," बहीण दाराबाहेरून म्हणाली. "तुमालेबी ताकद देली असन."

गोदामात पोत्यांना तासाभरात जागा सापडली. बहीण आता कामावर पाण्याची बाटली नेते.